डोळ्याजवळचे पिवळे चट्टे काढून घेतले: संभाजीनगरच्या एका स्किन क्लिनिकचा रिव्ह्यू

निकाल आधीच सांगून टाकते, पाचपैकी चार स्टार. चट्टे गेले, डोळा शाबूत आहे, पैसे वसूल झाले. एक स्टार कापला तो डॉक्टरांमुळं नाही, काउंटरवरच्या पॅकेजवाल्या पोरींमुळं, ते पुढं येईलच. क्लिनिकचं नाव टाकत नाही कारण नाव टाकलं की लोकांना जाहिरात वाटते आणि नाव न टाकताही तुम्हाला जे पाहिजे ते यात मिळेल, म्हणजे कुठल्याही क्लिनिकात गेलात तरी काय बघायचं, काय विचारायचं, किती पैसे धरून चालायचं. एवढं सांगते की जालना रोडच्या बाजूला आहे आणि डॉक्टर एमडी स्किन आहेत, ब्युटी पार्लरचा कोर्स करून पांढरा कोट घातलेले नाहीत. आजकाल हा फरक विचारूनच घ्यावा लागतो बाबांनो.

ज्यांना हे प्रकरण माहीतच नाही त्यांच्यासाठी सांगते. नाकाच्या बाजूला जो डोळ्याचा कोपरा असतो ना, तिथं वरच्या पापणीवर पिवळट चट्टा येतो, मऊ, जरासा उचललेला. दुखत नाही, खाजत नाही, काहीच करत नाही, फक्त हळूहळू वाढत जातो आणि बहुतेक वेळा एका डोळ्याला आला की दुसऱ्यालाही येतो. चाळिशीच्या आसपास निघतात, बायकांत जरा जास्तच. डॉक्टर लोक याला झँथेलाझ्मा म्हणतात. आपल्याकडं याला नावच नाही, त्यामुळं ज्याला जे सुचेल ते तो म्हणतो. परभणीत एका लग्नात तर एक मावशी पदराचं टोक घेऊन माझा डोळाच पुसायला निघाल्या, म्हणे हळद लागलीय गं तुला. दुसरी म्हणली रात्री जागरण करतीस का. तिसरी म्हणली कावीळ तपासून घे. नवऱ्याला मात्र कैक महिने दिसलंच नव्हतं, ते वेगळंच.

हे चट्टे म्हणजे वर जमलेला मळ नाही किंवा कातडीखालची पुळीपण नाही. आपल्या शरीरात सफाईचं काम करणाऱ्या पेशी असतात, त्या कोलेस्टेरॉल गिळून कातडीच्या आतल्या थरात ठाण मांडून बसतात, त्यांचाच हा पिवळा रंग. म्हणून सुई टोचून दाबलं तरी काहीच बाहेर येत नाही. हे मुद्दाम लिहितेय कारण आमच्या इथल्या एका पार्लरमध्ये ती बाई एकदम कॉन्फिडन्सनं म्हणली, मॅडम हे मिलिया आहे, सुईनं पाच मिनिटात काढते, शंभर रुपये द्या. मिलिया म्हणजे ते साबुदाण्यासारखे पांढरे कडक दाणे, ते खरंच सुईनं निघतात, पण हे वेगळं आहे. पापणीची कातडी अंगातली सगळ्यात पातळ कातडी, तिच्यावर पार्लरची सुई चालू द्यायची नाही म्हणजे नाही.

दुसरा प्रकार लसूण. यूट्यूब उघडलं की लसूणच लसूण. ठेचा, लावा, पट्टी बांधा, सकाळी गायब. आमच्या धाकट्या जावेनं तिच्या गालावरच्या तिळाला लावून बघितला होता, तीळ आहे तिथंच आणि भोवतीची कातडी भाजून काळी पडली, वर्ष झालं तरी डाग पूर्ण गेला नाही. कच्च्या लसणानं खरंच भाजतं, डॉक्टर म्हणले आमच्याकडं असे पेशंट येतच असतात. गालाचं हे हाल तर पापणीचं काय होईल विचार करा. एरंडेल तेलाचं पण सांगतात, त्यानं बिघडत काही नाही पण होतही काही नाही, रात्री उशी तेवढी तेलकट होते.

आणि ऑनलाइन त्या बारक्या बाटल्या मिळतात, काडीनं लावायच्या. माझ्या ऑफिसातल्या एकीनं मला लिंक पाठवली होती. बाटलीवर आत काय आहे ते धड लिहिलेलं नाही, किती टक्के आहे ते नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. असल्या बाटल्यांत बऱ्याचदा ॲसिडच असतं. क्लिनिकातही ॲसिड वापरतात, खोटं कशाला बोलू, पण तिथं हात डॉक्टरचा असतो आणि आपण डोळे मिटून झोपलेलो असतो. घरी आरशात बघत बघत लावायचं म्हणजे डोळा उघडा ठेवूनच लावायचं, एक थेंब आत गेला की बुबुळ गेलं. तर हे सगळं बाजूला ठेवून म्हणलं डॉक्टरच गाठू. परभणीतही स्किनचे चांगले डॉक्टर आहेत, पण माझा भाऊ संभाजीनगरला असतो, राहायची सोय होते म्हणून तिकडं गेले. सकाळची मराठवाडा एक्सप्रेस पकडली की झालं.

आता क्लिनिकचं. पहिल्या भेटीची फी पाचशे. अपॉइंटमेंट असूनही तासभर बसवलं, पण एसी होता, पाणी होतं आणि गर्दी बघून वाटलं की चालतंय म्हणजे बरं असणार. बसल्या बसल्या काउंटरवरची पोरगी आली हातात टॅब घेऊन, मॅडम आमच्याकडं लेझर पॅकेज आहे, झँथेलाझ्मा प्लस अंडर आय प्लस ग्लो फेशियल, आज बुक केलं तर डिस्काउंट. अहो अजून डॉक्टरांनी माझं तोंड बघितलं नाही आणि तुम्ही पॅकेज विकायलात! मी म्हणलं आधी आत जाऊ द्या. तर म्हणे ऑफर आजच्यापुरतीच आहे. प्रत्येक भेटीला हेच. एक स्टार तिथंच गेला.

आत मात्र एकदम वेगळं वातावरण. डॉक्टरांनी मोठ्या भिंगातून चट्टे बघितले, बोटानं जरा ताणून बघितले, मग एकदम म्हणले चप्पल काढा, टाच दाखवा. मला कळेना, डोळ्याला आलेय आणि टाच कामून बघायलेत? टाचेच्या मागची जाड शीर दोन बोटांत धरून चाचपली, मग कोपर, मग गुडघा, मग हाताच्या बोटांचे सांधे. डोळ्याच्या बुबुळाच्या कडेला पांढरं कडं आहे का तेपण बॅटरी मारून बघितलं. म्हणजे कोलेस्टेरॉल अजून कुठं साठलंय का ते बघत होते. आणि मग विचारलं, घरात कोणाला कमी वयात हार्टचा त्रास झालाय का. आमचे आबा एकोणपन्नासाव्या वर्षी गेले, शेतातून घरी आले, छातीत दुखतंय म्हणले, दवाखान्यात पोचायच्या आत संपलं. आणि ज्या भावाकडं मी उतरले होते त्याला चव्वेचाळिसाव्या वर्षी स्टेंट पडलाय. हे सांगितल्यावर डॉक्टरांनी पेन खाली ठेवला आणि म्हणले, ताई, चट्टे मी काढून देईन पण आज नाही. आधी रक्त तपासा.

मला पहिल्यांदा राग आला. एवढ्या लांबून आले, रजा टाकून आले, आणि हे म्हणतात आज नाही. पण माझ्या मते या क्लिनिकचे चार स्टार याच एका वाक्याचे आहेत. त्यांना तिथल्या तिथं मशीन लावून पैसे घेऊन मला पाठवता आलं असतं, मी खुशीनं दिले असते. लिपिड प्रोफाइल म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉल आणि चरबीची टेस्ट, शिवाय शुगर आणि थायरॉइड, एवढ्या टेस्ट लिहून दिल्या. आणि हेही सांगितलं की आमच्याच लॅबमध्ये करा असं काही नाही, परभणीत करून फोटो पाठवला तरी चालेल. असं सांगणारा डॉक्टर सापडला की त्याला सोडू नका. उपाशीपोटी पाहिजे का विचारलं तर म्हणले कोलेस्टेरॉलसाठी आता बहुतेक वेळा जेवून आलात तरी चालतं, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी एक चरबी, फार जास्त निघालं तरच उपाशीपोटी परत करायची, पण शुगर करायचीच आहे तर सकाळी चहा न घेता जा.

रिपोर्ट आला. टोटल कोलेस्टेरॉल २९२, एलडीएल २१८. एचडीएल म्हणजे ते चांगलंवालं ४६, ट्रायग्लिसराइड १४०, शुगर थायरॉइड दोन्ही नॉर्मल. एलडीएल म्हणजे ते वाईटवालं, साधारण माणसाचं १०० च्या खाली असलेलं बरं आणि १९० च्या वर गेलं की डॉक्टर घराण्यात काही आहे का ते शोधायला लागतात.

आता बघा, आम्ही माळकरी. तीन पिढ्या घरात अंडं शिजलेलं नाही. माझं वजन पंचावन्न किलो. तूप म्हणाल तर पुरणपोळीवर आणि वरणभातावर पडेल तेवढंच. आणि तेल? आबांच्या हयातीत घरात करडईशिवाय दुसरं तेलच नव्हतं, आमच्या मराठवाड्यात सगळीकडं तेच होतं, आणि ते तर या बाबतीत चांगलंच तेल धरतात. मग मला कोलेस्टेरॉल कुठून? स्किनच्या डॉक्टरांनी मला फिजिशियनकडं पाठवलं, त्यांना मी हेच विचारलं, जरा तावातावानंच. ते हसले आणि म्हणले तुमच्या अंगातलं बहुतेक कोलेस्टेरॉल ताटातून येतच नाही, लिव्हर स्वतःच बनवतं, आणि रक्तातलं जास्तीचं उचलून घ्यायचं कामही लिव्हरचंच. त्यांना परभणीचा मोंढा, म्हणजे धान्याचा बाजार, माहीत होता, म्हणले मोंढ्यात माल रोजच्यासारखाच आलाय पण हमाल निम्मेच कामावर आलेत, मग माल रस्त्यावरच पडून राहणार की नाही? तसं काही घराण्यांत हे उचलणारे हमालच जन्मापासून कमी असतात. आईबापांपैकी एकाला असलं की प्रत्येक लेकराला येण्याचा चान्स निम्मा. पथ्य पाळा, चाला, सगळं करा, पण १०० च्या खाली आणायला गोळीच लागणार.

गोळी म्हणलं की आपल्याकडं घरात पंचायत बसते. सासूबाई म्हणल्या एकदा चालू झाली की जन्माची चिकटते. चुलत दीर म्हणले किडनी जाते, त्यांना कोणी सांगितलं तर व्हॉट्सॲपनं. फिजिशियननी नीट सांगितलं की स्टॅटिनमुळं, म्हणजे या कोलेस्टेरॉलच्या गोळीमुळं, काही जणांचे हातपाय दुखतात, दुखले तर डोस किंवा गोळी बदलता येते, आणि दिवस राहिलेले असतील किंवा राहायचे असतील तर आधी सांगायचं, ती गोळी तेव्हा चालत नाही. माझे थोडे दिवस पोटऱ्या दुखल्या, मग थांबलं. एवढंच. आणि मुलांचीपण टेस्ट करून घ्या म्हणले. लेकीचं नॉर्मल आलं, लेकाचं वाढलेलं निघालं. चौदा वर्षाचं पोरगं, दिवसभर क्रिकेट खेळणारं. त्याचं आता वेगळं चालू आहे, त्यावर इथं जास्त लिहीत नाही. पण डोळ्याच्या कोपऱ्यातल्या हळदीसारख्या डागामुळं हे कळलं एवढं ध्यानात घ्या.

मला उगं कोणाला घाबरवायचं नाही. हे चट्टे आले म्हणजे कोलेस्टेरॉल वाढलंच असं बिलकुल नाही, साधारण निम्म्या लोकांचे रिपोर्ट नॉर्मल येतात. आमच्या लातूरच्या नणंदबाईंना माझ्यापेक्षा मोठे चट्टे होते आणि त्यांचा रिपोर्ट एकदम झकास. पण रिपोर्ट नॉर्मल आला की विषय संपला असंही नाही म्हणले डॉक्टर. डेन्मार्कमध्ये कोपनहेगन शहरात १९७६ ते ७८ या काळात साडेबारा हजारावर लोकांना तपासून त्यांच्यावर पुढं तीसेक वर्षं लक्ष ठेवलं होतं, त्याचा निकाल २०११ ला बीएमजे नावाच्या मोठ्या मेडिकल जर्नलमध्ये आला. ज्यांच्या पापणीवर हे चट्टे होते त्यांना हार्ट अटॅकचा धोका बाकीच्यांपेक्षा जवळपास दीडपट निघाला, आणि कोलेस्टेरॉल, बीपी, सिगारेट हे सगळं हिशोबात धरूनसुद्धा. म्हणून नणंदबाईंनाही बीपी आणि शुगर बघत राहा म्हणून सांगितलंय. आणि गंमत म्हणजे बुबुळाच्या कडेच्या त्या पांढऱ्या कड्याचा तसा वेगळा धोका त्यात दिसला नाही, म्हातारपणात ते बऱ्याच जणांना येतंच.

आता मूळ काम, काढायचं. गोळीनं चट्टे आपोआप जातील का विचारलं, तर म्हणले भरवसा धरू नका, क्वचित कोणाचे कमी होतात, पण कोलेस्टेरॉल वर असतानाच काढले तर परत येण्याची शक्यता जास्त, म्हणून आधी खाली आणू. दोनेक महिन्यांनी परत टेस्ट केली, एलडीएल १०४. अजून खाली पाहिजे म्हणून डोस वाढवला, पण स्किनवाल्यांनी हिरवा कंदील दिला.

काढायचे प्रकार बरेच आहेत. कापून काढणं, लेझर, आरएफ म्हणजे रेडिओ फ्रिक्वेन्सीच्या बारीक टोकानं जाळून काढणं, टीसीए नावाचं ॲसिड लावणं, बर्फासारखं गोठवून काढणं. काउंटरवरची पोरगी लेझरच बेस्ट म्हणत होती. डॉक्टरांना विचारलं तर म्हणले लेझर चांगलंच आहे, पण तुमच्या साइजला आरएफनं तेच काम निम्म्या पैशात होतंय, उगं कशाला. काउंटर आणि केबिनमध्ये एवढा फरक असू शकतो. मोठे जाड चट्टे असले किंवा वयामुळं पापणी सैल झालेली असली तर कापून काढणं बरं पडतं, पण फार कातडी काढली तर पापणी ओढली जाते, डोळा नीट मिटत नाही, म्हणून ते काम डोळ्याच्या किंवा प्लास्टिक सर्जनकडं.

दोन्ही डोळ्यांचे मिळून सहा हजाराच्या आसपास गेले, औषधं वेगळी. आदल्या दिवशी एक फोन करून विचारलं रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का, हे आवडलं. त्या दिवशी चेहरा धुवून, काजळ न लावता, लेन्स असतील तर काढून या म्हणले. आधी फोटो काढले, फोटो कुठं टाकणार नाही म्हणून कागदावर सही घेतली आणि मला वाचायला वेळ दिला. मग सुई. खरं सांगते, सगळ्यात जास्त त्रास त्या सुईचाच. बारीक असते, पण पापणीत जाते म्हणल्यावर माझे हात थंड पडले. नर्स ताईनं हात धरून ठेवला. औषध शिरताना चरचरतं, पापणी फुगते आणि मग बधिर. त्यानंतर दुखलं म्हणून काहीच नाही, डोळे मिटलेले, वर ओला गॉज, फक्त चर्र आवाज आणि जळकट वास. वासाची तयारी ठेवून जा, आपलीच कातडी जळतेय हे कळल्यावर पोटात ढवळतं. धूर ओढायची नळी लावली होती तरी वास यायचाच. ते एकदम खोल जाळत नाहीत, थराथरानं जाळतात, मिठाच्या पाण्याच्या बोळ्यानं पुसतात, पिवळं दिसतंय का बघतात, परत जाळतात. पिवळं संपून खालची गुलाबी कातडी दिसली की थांबतात. डॉक्टर करता करता सांगत होते, आता थोडंच राहिलंय, डावं झालं, आता उजवं. असं बोलत राहणारा डॉक्टर असला की निम्मी भीती जाते.

त्या रात्री भावाकडं राहिले ते बरंच झालं, कारण सकाळी उठून आरसा बघितला तर दोन्ही डोळे टुम्म सुजलेले. वहिनीच्या हातातला चहा सांडता सांडता राहिला. पापणीची कातडी सैल असते म्हणून थोड्याशानंही सूज येते, दोन उशा घेऊन झोपायला सांगितलं होतं ते त्याच्यासाठीच. दोनतीन दिवसांत उतरली. लावायला डोळ्यात गेलं तरी चालेल असं मलम दिलं होतं, अंगावर लावायचं साधं मलम पापणीला लावू नका म्हणून चारचारदा बजावलं. खपली आठवडाभरात आपोआप पडली, नखानं काढायची नाही, कितीही खाजली तरी. ऑफिसात गॉगल लावून गेले, सगळ्यांना वाटलं डोळे आलेत, कोणी टेबलाजवळ फिरकलं नाही, काम जरा लवकर उरकलं.

आता कातडी कशी आहे? पिवळं पूर्ण गेलंय. जिथं चट्टे होते तिथं कातडी शेजारच्यापेक्षा जरा फिकट आहे, मला दिसते, समोरच्याला सांगितल्याशिवाय दिसत नाही. आपल्यासारख्या सावळ्या कातडीला एकतर फिकट डाग राहतो नाहीतर काळपट पडतो, हे मला आधीच सांगितलं होतं त्यामुळं तक्रार नाही. आणि परत येऊ शकतात हेपण आधीच सांगितलं. १९७६ च्या एका जुन्या अभ्यासात तर ऑपरेशननं काढलेल्यांपैकी ४० टक्के लोकांना परत आले होते. जो कोणी तुम्हाला लाइफटाइम गॅरंटी देईल त्याच्यापासून लांब राहा.

नणंदबाईंनी लातूरला टीसीए करून घेतलं, त्यांचंही सांगते म्हणजे तुलना होईल. सुई नाही, भूल नाही. डॉक्टर चट्ट्याभोवती व्हॅसलीन लावतात म्हणजे ॲसिड बाहेर पसरत नाही, मग बारीक काडीनं चट्ट्यावर टेकवतात, बघता बघता पांढरं पडतं, थोडा वेळ मिरची लागल्यासारखी आग होते आणि शांत. दर वेळी हजार-बाराशे रुपये, पण एका वेळेत भागत नाही, तीनचार आठवड्यांचं अंतर ठेवून परत परत जावं लागतं. पातळ सपाट चट्ट्यांना हे चांगलं, जाड असले तर फेऱ्या वाढतात. त्यांच्या एका डोळ्याखाली काळपट कडा राहिली कैक महिने, कारण वन्सं मे महिन्यात लग्नाच्या गडबडीत उन्हातान्हात फिरल्या, डोक्यावर पदर तेवढा, सनस्क्रीन म्हणजे काय त्यांना पटेचना. आपल्याकडचं ४२-४३ चं ऊन, ताज्या कातडीला काळं पाडायला त्याला एक दुपार पुरते. म्हणून माझं ऐकाल तर दिवाळीनंतर करा, थंडीत भरून येतं, लग्नसराईपर्यंत कातडी पक्की होते. होळीनंतर असलं काही काढायला जाऊच नका.

ज्यांना एवढे पैसे शक्य नाहीत त्यांनी सरकारी मेडिकल कॉलेजच्या स्किन ओपीडीत जाऊन बघा, संभाजीनगरला घाटी आहे, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ आहे, लातूर-नांदेडलाही मेडिकल कॉलेजं आहेत. रांग लागते, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा लागतो, पण स्किनचे डॉक्टर तिथंही असतात आणि रक्ताची तपासणीपण तिथंच होते. चट्टे नाही काढले तरी चालतंय, ते नुसते असल्यानं डोळ्याला काही होत नाही, नजर जात नाही. रक्त मात्र तपासाच, परभणीत मी लिपिड प्रोफाइलला सहाशे दिले होते.

क्लिनिकवाल्यांना अजून दोन गोष्टी सांगायच्यात. एक म्हणजे नंतर फोन केला की काउंटरच उचलतं आणि डॉक्टर बिझी आहेत म्हणून ठेवून देतं, सूज बघून घाबरलेल्या माणसानं काय करायचं? मी शेवटी फोटो काढून व्हॉट्सॲप केला तेव्हा संध्याकाळी डॉक्टरांचंच उत्तर आलं, नॉर्मल आहे म्हणून. तो नंबर आधीच द्यायला काय हरकत होती. दुसरं, बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, यूपीआय केलं की काम झालं समजतात. मागून घ्या, आणि बिलावर काय केलं ते नीट लिहून घ्या, आरएफ लिहिलंय का लेझर, कारण पुढं परत आले तर दुसऱ्या डॉक्टरला ते दाखवावं लागतं.

परभणी, जालना, हिंगोलीकडून जाणार असाल तर काढायच्या दिवशी एकट्यानं जाऊ नका, भूल आणि पट्टीमुळं धड दिसत नाही, रिक्षावाल्याला पैसे देताना माझी पाचशेची नोट वहिनीनंच परत घेतली. दुचाकीवर तर बिलकुल नको. अपॉइंटमेंट सकाळची पहिली मागा, म्हणजे पॅकेजवाली पोरगी अजून आलेली नसते.